रोल नंबर एकशे एकोणीस

प्राध्यापकांच्या लेखी या जगात परमेश्वर बिनचूक होता आणि त्याच्या खालोखाल ते स्वतः. परमेश्वराबद्दल अधूनमधून शंका यायची, विशेषतः पाळकांचं प्रवचन लांबलं की. स्वतःबद्दल कधी आली नाही.

त्यांच्या बायकोला हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. तिने स्वयंपाकघरात हाताशी येतील तसे डबे मांडले होते. संध्याकाळी यांनी ते सगळे अक्षरवार लावले, आणि दुसऱ्या दिवशी तिला मीठ सापडेना तेव्हा 'म' कुठे येतो ते तिला शिकवलं. तिला तेव्हा हसू आलं होतं. बत्तीस वर्षांत हसू विरलं, शिकवणी मात्र चालू राहिली.

कॉलेजात ते पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. बारीक काम, बारीक नजर आणि बारीक मन, तिन्ही वारशाने आलेलं. दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर एक यादी लिहीत आणि विचारत, "पहिलं नाव कितव्या घरात?" वर्ग भाबडेपणाने म्हणे, "एक!" मग ते खडू खाली ठेवून, हात रुमालाला पुसून, घसा खाकरून सांगत की कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो, पहिलं नाव शून्याच्या घरात बसतं, दुसरं एकाच्या, आणि जो एकापासून सुरुवात करतो तो पहिल्या माणसाला दाराबाहेर उभं करतो. "अशा माणसाने प्रोग्रॅमिंग सोडून द्यावं," हे शेवटचं वाक्य. पोरं त्यांना 'झिरोसर' म्हणत. हे नाव आदरापोटी पडलंय अशी त्यांची समजूत होती. हे व्याख्यान ते जेवतानाही देत, त्यामुळे बायकोलाही ते तोंडपाठ होतं.

त्यांना छंद पुष्कळ होते आणि एकाही छंदात दुसऱ्या माणसाची गरज नव्हती. खोलीच्या भिंतीवर अकरा जुने कीबोर्ड टांगलेले. महिन्यातून एकदा ते त्यांची बटणं उपटून साबणाच्या पाण्यात धूत आणि टॉवेलवर वाळत घालत. मग आठवडाभर बायकोला कधी साबणदाणीत, कधी उशीखाली एखादं अक्षर सापडे. बुद्धिबळ ते स्वतःशीच खेळत आणि हरलेल्या बाजूवर चिडत. प्रार्थनेची त्यांनी फाइल केली होती. आजारी माणसं अक्षरवार लावलेली. बरा झाला की माणूस कमी, गेला की माणूस कमी. दर सोमवारी सकाळी पाळकांना त्यांची ईमेल जाई: कालच्या प्रवचनातल्या तर्काच्या चुका, क्रमांक घालून. पाळक भला माणूस. तो दर वेळी 'आभारी आहे' एवढंच लिही.

चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत. एक सूर चुकत नसे. तिथं बसलेल्या कुणाला कधी रडूही येत नसे.

सहा वर्षांपूर्वी मंडळीत कुरबुर झाली होती. रविवारी व्यासपीठावर उभं राहून शास्त्रपाठ वाचायचा मान नेहमी त्याच चौघांना मिळतो, पाळक तोंडं बघून नावं देतात, अशी. प्राध्यापक उभे राहिले. म्हणाले, "माणसाची मर्जीच मध्ये नको. शास्त्रातसुद्धा चिठ्ठ्या टाकून निवड केल्याचे दाखले आहेत. मी प्रोग्राम लिहून देतो. नाव कोणाचं निघेल ते प्रभू ठरवील." प्रभू आणि कॉम्प्युटर असे दोघं एकत्र आल्यावर बोलणार कोण?

उपासना संपल्यावर ते तिथेच कागद घेऊन बसले. शिवणकाम करणाऱ्या मावशी गायकवृंदाच्या झग्यांना टीप घालत पहिल्याच बाकावर बसलेल्या होत्या, म्हणून पहिलं नाव त्यांचं लागलं. एकूण तेवीस नावं झाली. तेव्हापासून दर शनिवारी पाच वाजता प्राध्यापक बटण दाबत, नाव निघे, आणि बायको ते रविवारच्या पत्रकात टाइप करी. सुरुवातीला दोनदा प्रोग्राम मध्येच बंद पडला होता. यांनी पाच मिनिटं खुडबुड केली, "झालं," म्हणाले, आणि त्यानंतर तो कधी अडला नाही.

पत्रकाच्या प्रती काढायला जाताना बायको मावशींच्या दुकानावरून जाई. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा: एक मशीन, एक इस्त्री, खिळ्याला लटकलेली दुसऱ्यांची कापडं.

"कुणाचं निघालं हो ताई, या खेपेस?"

"बेकरीवाल्याचं."

"परत? गेल्याच महिन्यात वाचलं की त्यानं. आणि वाचतो म्हणजे काय, पाव मोजतो नुसता."

दोघी हसत. मावशी तिसरीतून शाळा सुटलेल्या. चाळिसाव्या वर्षी लेकीच्या पुस्तकांवर वाचायला शिकल्या, आणि तेव्हापासून दुकानाच्या पाटीपासून औषधाच्या डबीपर्यंत काहीही दिसलं की मोठ्याने वाचत. व्यासपीठावरून एकदा तसंच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायचं होतं त्यांना. दुसरं काही त्यांनी कुणाकडे मागितल्याचं बायकोला आठवत नव्हतं.

एकदा त्यांनी प्राध्यापकांनाच विचारलं होतं. यांच्या झग्याची बाही मोजत होत्या, टेप गळ्यात. "सर, माझं नाव आहे ना यादीत?"

"आहे की. पहिलंच आहे."

"मग?"

"प्रभूची वेळ यावी लागते, मावशी," असं म्हणून त्यांनी दुसरा हात पुढे केला.

आणि आता मावशींच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. तीन-चार महिने धरा. सुईत दोरा त्या बोटांनी ओवायला लागल्या होत्या. "कापड हाताला कळतं हो," त्या म्हणाल्या. "अक्षर नाही ना कळत."

त्या दिवशी घरी येऊन बायकोने सहा वर्षांची पत्रकं काढली. तिने ती टाकली नव्हती. कपाटात वरच्या खणात होती. दोनशे चौऱ्याण्णव रविवार. बेकरीवाला सतरा वेळा. एक न्हावी तर वारल्यानंतरही दोनदा निघाला होता. मावशी एकदाही नाही.

"अहो," ती म्हणाली, "दोनशे चौऱ्याण्णव वेळांत एकदाही नाही, असं होईल का?"

प्राध्यापक बुद्धिबळात गुंतले होते. "होऊ शकतं. योगायोगाला आठवण नसते. नाणं दहादा एकाच बाजूला पडतं, म्हणून काय नाणं खोटं?"

"जरा बघता का एकदा प्रोग्राम?"

"अगं, तेवीस नावांचा प्रोग्राम! झोपेत लिहीन मी. संभाव्यता हा तुझा प्रांत नाही. चहा टाकतेस का?"

तिने चहा टाकला. पाणी उकळेपर्यंत तिच्या डोक्यात ते फळ्यावरचं व्याख्यान फिरत होतं. पहिलं नाव. दाराबाहेर उभा माणूस. ते कॉलेजला गेल्यावर तिने कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम उघडला. चाळीसेक ओळी. निम्म्या तिला कळल्या नाहीत, पण एका ओळीत नाव निवडायचा आकडा होता, आणि तो आकडा एकापासून सुरू होत होता. ती बराच वेळ त्या एकाकडे बघत बसली. आपल्याला वाटतंय ते बरोबर आहे की नाही, हे कुणाला विचारावं? तिच्या ओळखीत या विषयातला जाणकार एकच होता, आणि त्याला सरळ विचारून झालं होतं.

पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या प्रोग्रामांचा गठ्ठा त्याच आठवड्यात घरी आला होता. प्रत्येक कागदावर वर रोल नंबर, खाली छापलेला प्रोग्राम. बायकोने तेवीस माणसांच्या जागी तेवीस पक्ष्यांची नावं घातली. मावशींच्या जागी सुगरण. प्रोग्रामवरचं यांचं नाव पुसलं. कागद छापला, वर पेनने लिहिलं 'रोल नंबर ११९', आणि गठ्ठ्याच्या मध्ये सरकवला. वर्गात एकशे अठरा मुलं होती.

शनिवारी दुपारी प्राध्यापक जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन बसले. कुणाचाही प्रोग्राम आपण हस्ताक्षरासारखा ओळखतो, ही त्यांची जुनी बढाई. बायको समोर बसून शेंगा सोलत होती. साठ, ऐंशी, नव्वद. मग त्यांच्या नाकातून तो नेहमीचा तुच्छतेचा आवाज आला.

"काय झालं?"

"बघ हा गाढव! एकापासून मोजतोय. बरं, मग शेवटी यादीबाहेर जाऊन प्रोग्राम बंद पडणार, तर या शहाण्याने काय केलंय, चूक शोधायच्या ऐवजी वरचा आकडा एकाने कमी केलाय! म्हणजे बंद पडत नाही, छान चालतो, आणि पहिलं नाव जन्मात निघत नाही. ही सुगरण बसली कायमची बाहेर."

"कायमची?"

"हजार वर्षं चालव. नाही निघणार." त्यांनी कागदावर लांबलचक लाल रेघ ओढली, 'दहापैकी दोन' लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'आळशी आणि उद्धट. प्रोग्रॅमिंग सोडा.'

"दोन कशाचे?"

"ओळी नीट मांडल्यात."

गुण यादीत चढवताना ते अडखळले. एकशे अठरावर यादी संपली. गठ्ठा पुन्हा चाळला, चष्मा काढून पुसला. "हा एकशे एकोणीस कोण?"

"तुम्ही," बायको म्हणाली.

त्यांना कळायला वेळ लागला. तिने शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि कॉम्प्युटरवर मूळ प्रोग्राम उघडून दाखवला. ते उभ्या उभ्या वाचत राहिले. कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मग मान.

"यात कुणीतरी हात घातलाय."

"सहा वर्षांपूर्वीची तारीख आहे खाली."

क्षणभर तिला वाटलं, आता या माणसाच्या तोंडून मावशींचं नाव निघेल. त्यांनी खुर्ची ओढली, तो लाल रेघांचा कागद पुढ्यात घेतला आणि पेन उचललं. दोनाचे त्यांनी साडेतीन केले.

"रचना तशी वाईट नाहीये," ते पुटपुटले.

बत्तीस वर्षांत तिने या माणसाला बरंच काही मनातल्या मनात म्हटलं होतं. या घडीला ती त्यातला एखादा शब्द शोधायला गेली. दुकानात आत पाऊल टाकावं आणि घ्यावंसं काहीच दिसू नये, तसं झालं.

पाचला दहा कमी असताना त्यांनी एकाचं शून्य केलं आणि बटणावर बोट ठेवलं. "झालं. आता त्यांनाही इतरांइतकीच संधी. तेविसांत एक."

"आणि नाही निघालं तर?"

"तर पुढच्या रविवारी."

"मावशींचे डोळे थांबणार आहेत का, तुमचे तेवीस रविवार?"

"अगं, नियम म्हणजे नियम. एकदा हाताने नाव घातलं की संपलं सगळं."

तिने त्यांचा हात कीबोर्डवरून उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला आणि पत्रकात मावशींचं नाव टाइप केलं.

"पत्रकावर खोटं छापतेस? देवाच्या घरच्या?"

"सहा वर्षं छापत होते," ती म्हणाली. "हे पहिलं खरं."

मावशींना तिने सगळं सांगितलं. शून्य, एक, दहापैकी दोन, साडेतीन. मावशी मशीनचं चाक धरून ऐकत होत्या.

"म्हणजे प्रभूनं नव्हतं ठेवलं मला बाहेर."

"नाही."

"सरांनी."

"सरांनी."

"मग हरकत नाही," मावशी म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, माझं काय चुकलं." आणि एवढं बोलून त्यांनी चाक फिरवलं. बायको प्रती काढायला गेली. वाटेत तिला दोनदा थांबून डोळे पुसावे लागले.

त्या रविवारचा पाठ असा होता की तो टाळायला चौघा मानकऱ्यांनीही एरवी काही कारण काढलं असतं: नुसती वंशावळ. अमक्याचा अमका, त्याचा तमका, चाळीसेक पिढ्या. बायकोने तो बोटाएवढ्या अक्षरांत छापून दिला होता. चौदा पानं झाली. मावशी व्यासपीठावर चढल्या, पान डाव्या बाजूला धरलं, मान तिरकी केली, कारण त्यांना आता कडेनेच दिसत होतं, आणि वाचायला लागल्या.

त्या सावकाश वाचत होत्या. एकेका नावाशी थांबत, ते नीट ओळखत, मग मोठ्याने म्हणत, दारात उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवावं तसं. पाठाला सहा मिनिटं, हा प्राध्यापकांनीच घालून दिलेला नियम. सहाव्या मिनिटाला त्यांनी घड्याळ बघितलं, दहाव्याला घसा खाकरला. समोरच्या बाकावर बेकरीवाला तोंड उघडं टाकून ऐकत होता. नवव्या पानाला दोन पानं चिकटली. मावशी ती नखाने सोडवायला लागल्या. चर्चमध्ये शांतता पसरली, आणि प्राध्यापकांनी संधी साधून पुढच्या गीताचा पहिला सूर ऑर्गनवर दाबला. नेहमीसारखा, बिनचूक.

मावशींनी मान वळवली नाही. पानं सोडवत सोडवतच मोकळा हात वर केला.

"थांबा सर," त्या म्हणाल्या, "अजून माणसं राहिलीत."

सूर थांबला. पान सुटलं. मावशींनी ते डोळ्याच्या कडेशी नेलं आणि पुढचं नाव वाचलं.