दिनाकाकांचा लाभ

दिनानाथ हे नाव त्यांच्या सातबाऱ्यावर असेल तेवढंच. सगळे त्यांना दिनाकाका म्हणत. रोह्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांची भाताची खाचरं, भात निघालं की त्यातच वाल. साठी उलटलेली, पायात प्लॅस्टिकच्या चपला, खांद्यावर पंचा. आमच्या पेणच्या मंडळाने चार दिवसांत पाच गड चढायचा घाट घातला, तेव्हा दिनाकाकांना रोजावर घेतलं. काम एकच. रांगेच्या शेवटी चालायचं आणि आपल्या मागे कोणी राहू द्यायचं नाही.

मी हमरापूरची. गणपतीचे डोळे आखते. विसर्जन झालं की आम्हाला हात रिकामे, म्हणून दोन हजार अकराच्या त्या सप्टेंबरात मी नाव दिलं. आम्ही वीस जण होतो. पुढारी पोपट, धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जाणारा, गळ्यात शिट्टी आणि तोंडाला विश्रांती नाही असा.

पहिल्या दिवशी सांकशीवर धुकं उतरलं. तीन हातांपुढचं दिसेना. पोपटने रांग थांबवली आणि मागून पुढे मोजणी सांगितली, प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. काका शेवटी, म्हणून सुरुवात त्यांची. ते म्हणाले, "लाभ." त्यांच्या पुढे पनवेलचा गोविंदा, बँकेतला. त्याला वाटलं, म्हातारा देवाचं नाव घेतोय. तो म्हणाला, "एक." असं करत पोपटपाशी आकडा आला एकोणीस.

एक माणूस कमी. तासभर आम्ही हाका मारत फिरलो. शेवटी कोडं मलाच सुटलं. भात मापताना पहिल्या पायलीला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, आणि दुसरीला दोन. काकांनी माणसं भातासारखी मापली होती. मग काय विचारता. पोट दुखेपर्यंत हसलो. पोपटने नियम केला, शेवटी येईल त्यात काकांचा लाभ मिळवायचा. आणि सगळ्यात जास्त हसले ती मी. दुसऱ्या दिवशी मिरगडावर, मग सुरगडावर, दर मोजणीला मी काकांची नक्कल केली. काका खाली बघून हसायचे. त्यांना लागतंय, हे मला दिसत होतं. तरी माझी जीभ थांबत नव्हती, याची आजही लाज वाटते.

सुरगड उतरताना मी त्यांच्या सोबत होते. मागून कोणीतरी "काका" अशी हाक मारली. काका थांबले, पण ओ दिली नाही. पुन्हा हाक आली, तरी नाही. तिसऱ्या हाकेला "काय रं?" म्हणाले. गोविंदाच होता, काकांची नजर चुकवून लघवीला थांबलेला.

"बहिरे झालात काय?" मी विचारलं.

"डोंगरात दोन हाकांना ओ देव नये गो. त्याला तिसरी मारता येत नाय."

"कोणाला?"

काका चालू लागले. थोडं पुढे गेल्यावर एवढंच सांगितलं, की त्यांच्या चुलत्याने दुसऱ्या हाकेला ओ दिली होती, आणि तो मिळाला तेव्हा पाण्याच्या टाक्यात उभा होता, गळ्याइतक्या पाण्यात, हसत. नंतर तो सात वर्षं जगला, पण बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी अवचितगड. दुपारचे तीन वाजले असतील. माथ्यावरून उतरायला लागलो आणि धुकं असं आलं, की माझा हातच मला परका वाटायला लागला. रांग थांबली होती. बायामाणसांची अडचण कोणाला सांगायची? मी न बोलता वाटेच्या खाली, कारवीच्या आड गेले. उठताना पाय घसरला. दहा-बारा हात खाली जाऊन छातीवर आपटले. घोटा पिळवटला, श्वास कोंडला.

वर मोजणी सुरू झाली. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता कळेल.

"एक," दिनाकाकांचा आवाज आला.

लाभ नाही. एक. आमच्या हसण्याला कंटाळून त्या माणसाने तेव्हाच नेमका आपला शब्द गिळला होता. आकडे पुढे सरकत गेले. एकोणीसला पोपट थांबला आणि ओरडला, "आणि काकांचा लाभ. वीस झाले, चला."

मी इथे खाली पडलेली आणि वर वीस पुरे. पावलं हलायला लागली, आणि ती ऐकताना मला खरंच वाटलं, माझ्या जागी कोणीतरी चालतंय. माझ्याच चपला घालून.

"काका," मी हाक मारली. आवाज मलाच ओळखू आला नाही, घोगरा, ओला. वरची शेवटची पावलं थांबली. ओ आली नाही. कारवीचं पानही हलत नव्हतं.

"काका..."

पुन्हा शांतता. ते उभे होते. त्यांच्या काठीचं टोक दगडाला घासल्याचं मी ऐकलं. ते कशाची वाट बघतायत, हे मला माहीत होतं. मला मोजलं नाय तुम्ही काका, असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं, छातीत कळ आली आणि नुसता वारा निघाला. पुन्हा उघडलं, पुन्हा वारा. काठी वाजली. एकदा, दोनदा, मग लांब. मग काहीच नाही.

रात्र इथे काढावी लागली तर मी मरेन, हे मला स्वच्छ कळलं. रडायलाही श्वास नव्हता.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. वरून माती घरंगळली. कारवी बाजूला करत दिनाकाका उतरले. चेहरा राखेसारखा. माझ्याजवळ न येता त्यांनी आधी काठीने माझा पाय हळूच ढोसला. मी कण्हले, तेव्हा कुठे खाली बसले. पंचा फाडून घोटा बांधला, मला खांद्याशी धरून उभं केलं. वाटेला लागेपर्यंत माझा श्वास जागेवर आला होता.

"दोन हाका झाल्या तेव्हा मी निघून गेलो गो," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? चार पावलं गेलो आन् तिसरी आली, म्हणून फिरलो."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"इतकी सपष्ट बोललीस. मला मोजलं नाय तुम्ही काका, म्हणालीस. अगदी माझ्या कानाशी."

मागे धुकं तसंच होतं. पुढे तासाभराची उतरण होती आणि त्यांचा हात माझ्या दंडाखाली होता.

"व्हय काका," मी म्हणाले, "मीच बोलले."