गजराबाईंच्या नावे थकलेला पगार

बलभीमराव पडवळ यांची व प्रस्तुत लेखिकेची ओळख येडशीच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. बलभीमराव तेथे सोमवारी व गुरुवारी विनामोबदला शिकवीत. कोणाचे अक्षर वाकडे आले तरी ते रागावत नसत. पाटी स्वतः पुसून देत आणि म्हणत, “बाई, पुन्हा. आपल्याला कुठं गाडी धरायचीय?” आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत ते काय करतात, हे वर्गातल्या बायांना पुष्कळ उशिरा समजले. पुढील हकिकत अर्धी त्यांच्या तोंडची आहे आणि अर्धी बेंबळीच्या कस्तुराबाईंच्या तोंडची.

बलभीमराव फौजेत होते, परंतु बंदुकीपेक्षा लेखणीच त्यांच्या हाती अधिक राहिली. जवानांच्या पगाराच्या कचेरीत कारकुनी करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. लढाई संपल्यावर तिचे कागद किती वर्षे चालत राहतात, हे त्यांनी तेथे पाहिले होते. मेलेल्या जवानाचा शेवटचा पगार कधी पत्ता चुकल्याने, कधी वारस न सापडल्याने तसाच पडून राही. निवृत्तीनंतर कचेरीने अशा जुन्या प्रकरणांची एक यादी त्यांच्याकडे सोपवली. कापडी पिशवीत फायली, पाण्याची बाटली आणि शाईचा पॅड घालून ते एसटीने गावोगाव फिरू लागले.

त्या यादीत बेंबळीचे शिपाई शिवशरण बिराजदार यांचे नाव होते. ते एकाहत्तरच्या लढाईत कामी आले. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई यांना तलाठ्याच्या वारस दाखल्यावर पेन्शन मिळाली होती. परंतु शेवटच्या सात महिन्यांचा पगार ज्या नावाने द्यावा, असे शिवशरण यांनी स्वतः लिहून दिले होते, ते नाव वेगळे होते. कागदावर लिहिले होते, ‘पत्नी : गजराबाई’. फाईलमध्ये बहात्तर साली बेंबळीहून आलेले एका ओळीचे उत्तरही होते : ‘या नावाची कोणीही स्त्री आमच्या घरात नाही.’ आता हक्कदार सापडला नाही, तर मार्चअखेर ही फाईल कायमची बंद होणार होती.

बलभीमराव प्रथम गेले ते जानेवारीत. शिवशरण यांचे धाकटे भाऊ आण्णासाहेब घरी होते. गजराबाईंचे नाव निघताच त्यांनी वहिनींना चहा टाकायला आत धाडले आणि पाहुण्याला हाताला धरून गोठ्यामागे नेले.

“ते पत्र म्याच लिहिलं होतं, साहेब,” आण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले. “सतरा वर्साचा होतो. घरात वाचता येणारा मी एकलाच.”

“मग ही गजराबाई कोण?”

“कोण असणार? दादा दोन दोन वर्सं तिकडं पंजाबात. तरणा माणूस. ठेवली असंल कुणी.”

“पंजाबात गजराबाई?”

“आता नावाचं मला काय ठावं! वहिनीचं कुंकू पुसून महिना झाला नव्हता. त्यात ही सवत तिच्या कानावर घालू? आईलाबी सांगितलं न्हाय. तुम्हीबी बोलू नका, पाया पडतो.”

बलभीमरावांनी शब्द दिला. आत येऊन त्यांनी मुकाट्याने चहा घेतला. कस्तुराबाईंनी “पुन्हा या” म्हटले, तेव्हा त्यांना वर पाहवले नाही. घरी जाऊन त्यांनी फाईलवर शेरा लिहिला : ‘दुसरा विवाह असल्याचा संशय.’

हा शेरा त्यांना स्वस्थ बसू देईना. सांगावे, तर पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईच्या संसारावर शेवटी डाग लागणार. न सांगावे, तर कोणा एकीचा हक्काचा पगार आपल्या हाताने बुडणार. वर्गात फळ्यावर लिहिताना त्यांचा खडू मध्येच थांबे. फेब्रुवारीत एके दुपारी त्यांनी तो जुना कागद पुन्हा उघडला. नावाच्या खाली पत्ता होता : ‘मु. पो. बेंबळी, बिराजदार यांचे घर’. तो त्यांनी दहा वेळा वाचला होता, पण त्यावर विचार केला नव्हता. ठेवलेल्या बाईचा पत्ता म्हणून कोणता माणूस आपल्या आईचे घर लिहून देईल?

दुसऱ्या दिवशी ते बेंबळीत हजर झाले. “आण्णासाहेब, शब्द परत घेतो. आज मी विचारणार,” असे त्यांनी दारातच सांगितले.

“विचारा. पण माझ्यानं बघवणार न्हाय,” असे म्हणून आण्णासाहेब उंबऱ्यावर पाठ फिरवून उभे राहिले.

कस्तुराबाई तूर पाखडत होत्या. बलभीमराव समोर बसले. “बाई, गजराबाई नावाचं कुणी तुमच्या माहितीत होतं का?”

सूप थांबले. कस्तुराबाईंनी पदर सावरला. “हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?”

“शिवशरणरावांनी कागदावर लिहून ठेवलंय. पत्नी म्हणून.”

बाईंना हसू फुटले आणि ते आवरेना. “अवं, म्याच की ती! माहेरची गजरा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितात ना, तसं सासूबाईंनी सांगितलं अन् ह्यांनी कस्तुरा लिहिलं. तवापासनं साऱ्या गावाला कस्तुरा. पर सुट्टीवर आले अन् खोलीचं दार लावलं, की गजराच म्हणायचे. चारचौघांत नवऱ्यानं बायकोला हाक मारायची रीत कुठं होती? मग ऐकणार कोण?”

आण्णासाहेब वळले आणि तेथेच उंबऱ्यावर खाली बसले. वहिनी घरात आल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. माहेरची माणसे येत, ती ‘अक्का’ म्हणत. जुने नाव त्यांच्या कानावर कधी आलेच नव्हते. गोठ्यामागे सांगितलेले सगळे त्यांनी आता वहिनींना सांगितले.

“व्हय भावजी,” कस्तुराबाई म्हणाल्या, “म्हणून दर दिवाळीला तुमच्या बायकोच्या आधी माझं लुगडं यायचं व्हय? मला वाटायचं, मायेनं आणताय. अन् तुम्ही माझी कीव करत होता!”

“माया होतीच की, वहिनी.”

“ठावं हाय. पर आपल्या सख्ख्या भावाला असला समजलात! पन्नास वर्सं! मला एकदा इचारलं असतं, तर जीभ झडली असती का?”

आण्णासाहेबांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड झाकून घेतले. थोड्या वेळाने कस्तुराबाईंनीच पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

दोन्ही नावांची बाई एकच, याचा पुरावा आता हवा होता. बलभीमरावांनी कस्तुराबाईंच्या आळंदकडच्या माहेरी फोन लावला. धाकटे भाऊ गौरीशंकर बोलत होते. “कस्तुराबाई? कोण कस्तुराबाई?” ते खेकसले. बाईंनी फोन हातात घेऊन नुसते “अरे शंकऱ्या” म्हटले मात्र, तिकडून आरोळी आली, “गजरक्का!” पुढल्या आठवड्यात गौरीशंकर गावातली दोन वयस्कर माणसे घेऊन धाराशिवला आले. प्रतिज्ञापत्र झाले. बलभीमरावांनी आपला जुना शेरा खोडला आणि शेजारी लिहिले, ‘ही चूक माझी आहे,’ आणि सही केली. फाईल कचेरीकडे परत गेली आणि पगार मार्च संपण्यापूर्वी मंजूर झाला.

पावतीवर अंगठा देण्याच्या दिवशी कस्तुराबाईंनी रक्कम किती, हे विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, ते नाव त्यांनी हातानं लिहिलंय, का मशीनवर उठवलंय?”

“हातानं. निळ्या शाईत.”

बाईंनी मान हलवली आणि अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला.

कचेरीकडून बलभीमरावांनी कधी प्रवासखर्चसुद्धा मागितला नव्हता. त्या दिवशी मात्र धाराशिवच्या बसस्थानकावर बसून त्यांनी कचेरीस एक पत्र लिहिले. पत्रात मजकूर इतकाच होता : ‘शिपाई शिवशरण बिराजदार यांनी स्वहस्ते लिहिलेल्या कागदाची एक छायाप्रत त्यांच्या पत्नीस पाहण्यासाठी पाठवावी, ही विनंती.’