मेढीपाशी मांडलेली खुर्ची

संध्याकाळी दार लावून आत बसा, असं सांगणाऱ्या माणसांचा मला भारी राग येतो. मग ते डॉक्टर असोत, शेजारीण असो, नाहीतर फोनवरून बोलणारी पोटची पोर असो. दार लावायला काय अक्कल लागते? दार लावलं की डास बाहेर राहतात, एवढं मलाही कळतं. पण आमच्या घरी दार लावलं असतं तर एक माणूस आत कोंडला गेला असता, आणि कायमचा मुका झाला असता. म्हणून मी दार लावलं नाही.

त्या वर्षी वैशाखात लेकीचं लग्न झालं. मांडव दारातच घातला होता. पाहुणे गेले, मांडववाला टेंपो आणून कापड आणि पाइप घेऊन गेला, आणि घर जरा निवांत होतंय तोच ह्यांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं गेलं. ज्या माणसाचं म्हणीशिवाय वाक्य पुरं होत नसे, ज्यानं उभ्या संसारात मला टोमणा मारायची एक संधी सोडली नाही, तो माणूस पाणी मागायला नुसता ‘अं, अं’ करायला लागला. ऐकवत नव्हतं मला ते.

कर्जतच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ह्यांना माणसांत बसवा. टीव्हीपुढं नको. कोणीतरी काही विचारलं पाहिजे आणि ह्यांनी उत्तर दिलं पाहिजे, तरच बोलणं परत येईल. आणि हे आत्ताच करा, उशीर झाला तर येईल ते येईल.

आमच्या कडाव गावात माणसं हवीत तर संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसावं. आमच्या अंगणापुढूनच रस्ता जातो. डेअरीला दूध घालायला निघालेले, शेतावरून परतणारे, कर्जतहून रिक्षा करून आलेले, सगळे तिथूनच जातात. मी पडवीच्या कडेला खुर्ची मांडली. येणारा-जाणारा हाक मारायचा, “काय रं, बरा हायस का?” हे आधी डावा हात हलवायचे. मग एका संध्याकाळी म्हणाले, “हाय.” बस, एवढंच. मी आत भाकरी भाजत होते, ती तव्यावर करपली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढं ‘ये’ आलं, ‘बस’ आलं, आणि दूधवाल्याला एकदा चक्क ‘जा’ म्हणाले.

मग आषाढ लागला आणि डास आले.

डास सगळ्यांनाच चावतात, पण सगळ्यांना दोन हात असतात. ह्यांच्या लुळ्या हातावर डास बसला की ह्यांना कळायचं, पण तो हात उचलायचा नाही. डाव्या हातानं मारायला गेले की खुर्चीतच कलंडायचे. पाच-दहा मिनिटं सोसायचे, मग डोळ्यांनीच मला खूण करायचे, आत ने. आत गेलं की टीव्ही लागायचा, आणि टीव्ही कोणाला ‘बरा हायस का’ विचारत नाही. बघता बघता आलेले शब्द मागं फिरायला लागले. ‘बस’ गेलं. त्यातच वरच्या आळीत डेंग्यू निघाला आणि लेकीचे फोन सुरू झाले.

“आई, बाबांना आत बसव. हट्ट करू नकोस गं.”

“तुझा बाप बोलायला लागेपर्यंत माझा हट्ट सुटणार नाय,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग काय काय नाही केलं! खुर्चीखाली कॉइल लावली, तर ह्यांना खोकल्याची उबळ यायला लागली. मच्छर मारायची रॅकेट आणली, तर चट् आवाज झाला की हे दचकायचे. करंजाचं तेल चोळलं, त्या वासानं शेजारची मांजरसुद्धा फिरकेना. लेकीनं तिकडून जाळीचा तंबू मागवून पाठवला. त्यात ह्यांना बसवलं तर रस्त्यावरून एकजण ओरडला, “काय रं, पिंजऱ्यात टाकलंय व्हय तुला?” तो हसला, पण ह्यांची मान खाली गेली. मी त्या गृहस्थाचा असा काही उद्धार केला की तो आजही मला बघून रस्ता बदलतो. तंबू मात्र माळ्यावर गेला.

तेव्हा मी ठरवलं की डासाला हाकलण्यात अर्थ नाही, तो होतो तिथंच त्याला गाठायचा. साठलेलं पाणी म्हणजे डासांचं बाळंतघर. घरातलं, गोठ्यातलं, परसातलं एकूण एक भांडं मी पालथं घातलं. नारळाच्या करवंट्या, फ्रिजमागचा ट्रे, म्हशीच्या आंबोणाची फुटकी बादली, काही सोडलं नाही. मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, ज्याच्या फदफद्यासाठी हे जीव टाकायचे, तेही उपटलं आणि पाण्याला वाट करून दिली. विहिरीत गप्पी मासे सोडले. आपलं झालं तशी मी दुसऱ्यांकडं वळले. शेजाऱ्यानं पत्र्यावरचं प्लास्टिक उडू नये म्हणून जुने टायर ठेवले होते आणि प्रत्येक टायरमध्ये पाणी. “टायर काढले तर प्लास्टिक उडंल,” तो म्हणाला. “दगड ठेव,” मी म्हटलं, “मी आणून देते.” आणि दिलेही आणून, डोक्यावर पाटी घेऊन. आळीत मला डासवाली म्हणायला लागले. म्हणोत बापडे. नावं ठेवणाऱ्यांच्या तोंडाला कोण हात लावणार?

डास कमी झाले. आळीतल्या बायकासुद्धा म्हणाल्या, पुष्कळ कमी झाले. फक्त आमच्या पडवीत, ह्यांच्या खुर्चीपाशी, काही केल्या कमी होईनात. माझ्या डोक्यात सणक जायची. सगळं गाव कोरडं केलं आणि माझ्याच दारात डास! ह्यांनी तर खुर्चीकडं बघायचंच सोडलं होतं. मी बळंच बसवायचे.

शेवटी गोठ्यात करतात तसा धूर करायचं ठरवलं. मडक्यात गोवरीचा निखारा आणि त्यावर कडुनिंबाचा ओला पाला. मडकं जमिनीवर ठेवलं तर धूर नाकात जातो, वर टांगलं तर वाऱ्याबरोबर पसरतो. टांगायला सोयीची एकच गोष्ट होती, खुर्चीला लागून उभी असलेली मेढ.

ही मेढ म्हणजे लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब. बाकीचा मांडव मांडववाला घालतो, पण मेढ घरच्या कर्त्यानं मुहूर्तावर, पूजा करून रोवायची. आमची मेढ म्हणजे हिरवा जाड बांबू होता, वर आंब्याची डहाळी बांधलेली. ह्यांनीच रोवली होती. आमच्या भावकीत रीत अशी की ज्यानं रोवली त्यानंच चांगला दिवस बघून ती काढायची. तो दिवस यायच्या आधी लकवा आला आणि मेढ तशीच राहिली. शेजारच्या चुलत सासूबाईंनी बजावलं होतं, “कर्ता अंथरुणावर हाय, मेढीला कोणी हात लावायचा नाय.” मी मडकं टांगलं तेव्हाही त्या कुरकुरल्या. “धूर नाय, धूप समजा,” मी म्हटलं.

गौरी-गणपती होऊन गेले होते. एका संध्याकाळी मडक्याची तार सैल झाली म्हणून मी ती ओढून बांधत होते. पावसानं माती भुसभुशीत झालेली. मेढ माझ्याकडं झुकली, वरची वाळकी डहाळी सुटून पडली आणि माझ्या डोक्यावर बदाबदा पाणी ओतलं. काळं, कुजक्या पाल्याच्या वासाचं. पदर झटकला तर त्यात अळ्या वळवळत होत्या. डासांच्या अळ्या! बांबूच्या वरच्या पोकळ पेरात आषाढापासून पाणी साठलं होतं. वर डहाळीचं झाकण, आणि बघणार कोण? मेढीला हात लावायचा नव्हता ना! त्याच मेढीला मी धुराचं मडकं टांगत होते, आणि तिच्याच बुडाशी नवऱ्याला बसवत होते.

मी चवताळून दोन्ही हातांनी मेढ धरली. तशा चुलत सासूबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, “अगं, हात नको लावू! ज्यानं रोवली त्यानं काढायची!”

“मग तोच काढंल!” मी म्हटलं.

आतून हळदकुंकू आणलं, मेढीला लावलं. ह्यांना उठवून उभं केलं. डाव्या हाताची मूठ मेढीवर ठेवली, आणि तो लुळा उजवा हातही उचलून वर ठेवला. तो घसरायला लागला तसा माझ्या हातानं दाबून धरला. “ओढा,” म्हटलं. ह्यांनी ओढली. खरोखर ओढली, मानेच्या शिरा फुगेपर्यंत. चिखलातून मेढ निघाली आणि आम्ही दोघं पडता पडता वाचलो. उरलंसुरलं पाणी अंगणात सांडलं.

हे धापा टाकत खुर्चीत बसले. सांडलेल्या पाण्याकडं बघितलं, मग माझ्या डोक्यावरच्या पाल्याकडं. आणि अर्ध्या तोंडानं हसायला लागले.

“काखेत,” हे म्हणाले.

मी जागच्या जागी थबकले.

“काखेत क... कळसा.”

पुढचं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रस्त्यावर किटली घेऊन थांबलेल्या दूधवाल्यानं तोंड उघडलं, तर मी त्याच्याकडं असे डोळे वटारले की त्यानं ते मिटलं. माझ्याही ओठांवर आलं होतं. दात दाबून धरले. ह्यांचे ओठ नुसतेच हलत होते, कपाळावर घाम आला होता.

“गावाला,” हे म्हणाले. आणि मग, अगदी पूर्वीच्या ठसक्यात, “वळसा.”

उभ्या गावाची भांडी मी पालथी घातली, आणि माणसाला वाचा फुटली ती मला टोमणा मारायला! मला रडू फुटलं. सगळ्यांदेखत, त्या घाण वासाच्या पदरानं डोळे पुसत मी रडले.

“हसा, हसा,” मी म्हटलं. “पण आत जायचं नाय. बसा हितंच, आणि परत म्हणा.”