चिन्नीचा कवडसा

डायना आमच्या डॉग सेक्शनमध्ये पोस्टिंगवर आली तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती. काळी लॅब्रॅडोर, पाय लांब, अंग अजून भरायचं होतं. ट्रेनिंग सेंटरनं तिला एक्स्प्लोझिव्ह डिटेक्शनसाठी तयार केलं होतं. म्हणजे पुरलेला बारूद वासावरून शोधायचा आणि सापडला की त्याच्यासमोर गप बसायचं. भुंकायचं नाही, उकरायचं नाही. या बसण्याला आम्ही इंडिकेशन म्हणतो. कुत्रं बसलं की हँडलर त्याला मागं घेतो आणि बक्षीस म्हणून रबरी बॉल देतो. कुत्र्याच्या दृष्टीनं सगळी लढाई त्या बॉलसाठी असते.

मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शनचा इन्चार्ज. सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाली करणाऱ्याचा मुलगा आणि आमच्या घरातला पहिला बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. याचा मला अभिमान आहे, म्हणून सांगतो. कंपनीत मला सगळे प्रोफेसर म्हणायचे, काही कौतुकानं, काही डिवचायला.

डायनाचा हँडलर होता नाईक बसवराज, गाव दुधनी. घरात कन्नड, शाळेत मराठी, फौजेत हिंदी. आमच्या जिल्ह्याचा म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्त जीव. कमांडचे शब्द ठरलेले असतात, ते तो नियमाप्रमाणे वापरायचा. पण कामाव्यतिरिक्त तो कुत्रीशी कन्नडमध्ये बोलायचा. दुसऱ्याच दिवशी त्यानं डायनाची चिन्नी करून टाकली. चिन्नी म्हणजे सोनुली. तिला थांबवायचं असलं की म्हणायचा, "साकु, बा." म्हणजे पुरे, ये. हे त्याच्या आईचे शब्द. लहानपणी तो अंगणात खेळत राहिला की अव्वा आतून असंच बोलवायची, आवाज न चढवता. तसंच तो म्हणायचा.

आमची पोस्ट उत्तरेकडच्या डोंगरात, रस्त्याला लागून होती. दिवस ठरलेला असायचा. उजाडताना रोड ओपनिंग पार्टी निघायची. कुत्रं पुढं, हँडलर मागं, दोन्ही अंगांना जवान. रस्ता साफ असल्याचं रेडिओवर कळवलं की कॉन्व्हॉय सुटायचा आणि साडेनऊच्या सुमारास त्याच्या गाड्या आमच्या गेटवर यायच्या. आमच्याकडं एक जुनं, अनुभवी कुत्रं होतं. ते पार्टीबरोबर जायचं. चिन्नी अजून पोस्टवरच सराव करत होती.

तिसऱ्या आठवड्यात बसवराज माझ्याकडं आला. म्हणाला, "उस्ताद, ही भिंतीकडं बघत बसती. खायाला दिलं तरी वळंना."

मी जाऊन पाहिलं. स्टोअरची चुना लावलेली कोरी भिंत. चिन्नी तिच्यापुढं उभी, एक पाय उचललेला, अंग ताठ, तोंडातून लाळ गळत होती. हाक मारली तर कानसुद्धा हलला नाही. मग आम्ही तिच्याकडं बघत असतानाच एकदम उसळली आणि भिंतीवर पंजे मारायला लागली. नखातून रक्त आलं तरी थांबेना. दोघांनी धरून बाजूला आणली.

हळूहळू हे वाढलं. बादलीतल्या पाण्यावर ऊन चमकलं की ती धावायची. कुणाच्या घड्याळाचा उजेड जमिनीवर पडला की त्याच्यामागं. पण सुरुवात रोज त्या भिंतीपासून आणि तीही सकाळी नवानंतर, भिंतीवर काही नसताना. मला कोडं पडलं ते याचं. उजेडाच्या मागं धावणं समजू शकतं. पण नसलेल्या गोष्टीकडं ही काय बघते?

पोस्टवर तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, भिंतीत उंदीर आहे. बसवराजनं भिंतीला कान लावून सगळीकडं टकटक केली. कुणी म्हणालं, कुत्र्याला आपल्याला न दिसणारं दिसतं, इथं पूर्वी कुणी गेलं असेल. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी अगरबत्ती खोचलेली सापडली. ती कुणी लावली हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण चिन्नीनं काडीसकट खाल्ली.

कॉलेजात आमचे सर म्हणायचे, प्राणी काय करतो हे लिहिण्याआधी तो असतो तिथं जाऊन बसा. मी एका सकाळी चिन्नीच्या शेजारी जमिनीवर पालथा झोपलो. डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला. लंगरचा, म्हणजे स्वयंपाकघराचा, कमांडर चहाची किटली घेऊन चालला होता. त्यानं विचारलं, "प्रोफेसर, प्रॅक्टिकल चाललंय का? मार्क कोण देणार, ती का तुम्ही?" बसवराज पलीकडं तोंड करून हसला. मी पडून राहिलो.

साडेनऊला कॉन्व्हॉय गेटवर आला. गेटवरचा संत्री, म्हणजे पहारेकरी, गाड्यांच्या खालची बाजू तपासतो. त्यासाठी लांब दांड्याला बसवलेला, चाकांवरचा आरसा असतो. पहिल्या ट्रकखाली आरसा सरकला, त्यावर ऊन पडलं आणि स्टोअरच्या भिंतीवर हातभर कवडसा उडी मारून आला. चिन्नी उसळली. म्हणजे ती नसलेल्या गोष्टीकडं बघत नव्हती. येणाऱ्या गोष्टीची वाट बघत होती.

मग मी उठून संत्र्याकडं पाहिलं. गाडी तपासून झाली होती, तरी त्याच्या हातातला दांडा हलत होता. कवडसा भिंतीवर वर, खाली, डावीकडं. कॉन्व्हॉयचे ड्रायव्हर खिडकीतून माना काढून हसत होते. हा रोजचा खेळ होता. पोस्टवर करमणूक नाही, घर लांब, आणि एक कोवळी कुत्री उजेडावर उड्या मारते. संत्री बदलायचे, खेळ तोच राहायचा. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. ड्युटी संपल्यावर हेच लोक तिला आपल्यातली पोळी द्यायचे.

व्हेटरनरी डॉक्टर असलेल्या कॅप्टन मॅडम पुढच्या फेरीत आल्या. त्यांनी तपासून सांगितलं, डोळे ठीक, मेंदूही ठीक. हे वयच असं असतं, पिल्लूपण गेलेलं आणि अक्कल यायची बाकी. या वयात लागलेली खोड जन्माला चिकटू शकते. महिन्याभरात सुटली नाही तर तपासणीचं बोर्ड बसेल आणि कुत्री सर्व्हिसला अनफिट ठरेल. कारण तिनं रस्त्यावर बारूद सोडून उजेड धरला तर मागून येणारी गाडी उडेल. ते बरोबरच होतं. मॅडम गेल्यावर बसवराज बराच वेळ चिन्नीच्या नखांना मलम लावत बसला. एवढंच म्हणाला, "हिचं नाक लई चांगलं हाय, उस्ताद. पाठवायला नगं."

मॅडमनी उपाय सांगितला होता. ओरडायचं नाही, मारायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. आपलं ओरडणंही तिला खेळच वाटतं. तंद्री लागायच्या आधीच हाक मारायची आणि त्याच वेळी नाकाला काम द्यायचं.

मी कंपनी कमांडरसाहेबांना अर्ज केला. त्यांनी रोलकॉलला हुकूम दिला. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. ताटं उन्हात वाळत घालायची नाहीत. तपासणीनंतर आरसा जमिनीवर पालथा. केनल मागच्या अंगाला हलवलं. अख्खी कंपनी महिनाभर एका कुत्रीपासून उजेड लपवत होती. लंगरचा कमांडर कुरकुरला की तीस वर्षांच्या नोकरीत कुत्र्यासाठी पळ्या झाकल्या नव्हत्या, आणि तिसऱ्या दिवशी पळ्यांवर त्यानं स्वतःच पोतं टाकलं.

रोज नवाच्या आधी बसवराज चिन्नीला मागच्या उतारावर न्यायचा. गवतात नमुन्याचा बारूद लपवलेला असायचा. तिची मान गेटकडं वळायला लागली की हळू आवाजात, "साकु, बा." ती आली की शोध. सापडलं की बॉल. पहिले काही दिवस ती आलीच नाही. मग निम्म्यातून परत यायला लागली. मग मान वळायच्या आधीच त्याच्या तोंडाकडं बघायला लागली.

सोलापुरात आता हौसेनं मोठ्या जातीची कुत्री पाळणारे खूप झालेत. वर्षाच्या आतबाहेरचं कुत्रं मोबाईलच्या टॉर्चमागं किंवा लेझरच्या लाल ठिपक्यामागं गरगर फिरतं, घरचे व्हिडिओ काढतात आणि मलाही पाठवतात. मी प्रत्येकाला फोन करून सांगतो, टॉर्च बंद करा आणि त्याला भाकरीचा तुकडा लपवून शोधायला लावा. ठिपका त्याच्या तोंडात कधीच येत नाही. भाकरी येते.

त्या महिन्यात मला एक गोष्ट दिसली आणि मी ती बसवराजला सांगितली. उजेड धरताना चिन्नी ताठ होते. बारूद सापडल्यावर बसते, तेव्हाही ताठच होते. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. पण उजेडाकडं बघताना ती कुणाकडंच बघत नाही. बारूद सापडला की मान वळवून हँडलरकडं बघते, सापडलं, आता बॉल काढ, अशी. बसवराजनं चारपाच वेळा करून पाहिलं. म्हणाला, "व्हय की ओ. खरंच की."

बोर्डानं चिन्नीला फिट ठरवलं. त्या संध्याकाळी बसवराजनं घरून आलेली शेंगाचटणी सगळ्यांना वाटली.

त्यानंतर पावणेदोन वर्षं ती रोड ओपनिंगला जात होती. दोनदा तिनं बारूद शोधून काढला. उजेडाची खोड पूर्ण गेली होती असं मी म्हणणार नाही. पाण्यात ऊन दिसलं की एक क्षण थबकायची. "साकु" ऐकलं की पुढं जायची.

त्या दिवशी रस्ता दोन दिवसांच्या बर्फानंतर उघडत होता आणि पार्टी घेऊन मीच निघालो होतो. वर अडकलेल्यांना रसद पोचवायची घाई होती, म्हणून कॉन्व्हॉय आमच्या मागं एक वळण ठेवून येत होता. ऊन चांगलं पडलं होतं. वितळलेल्या बर्फाची डबकी रस्ताभर चमकत होती. आठच्या सुमारास रस्त्याखालच्या एका मोरीच्या अलीकडं चिन्नी ताठ झाली आणि बसली. तिच्या नाकासमोर डबकं होतं आणि डबक्यात सूर्य.

मी रेडिओवर सांगितलं, "टायगर, अल्फा. कुत्ता बैठ गया. कॉन्व्हॉय रोकिए. ओव्हर."

साहेबांचा आवाज आला. "अल्फा, इंडिकेशन है या वो पुरानी आदत? कॉन्व्हॉय खुले में खड़ा है. पक्का बताओ. ओव्हर."

त्यांचं विचारणं योग्य होतं. उघड्यावर थांबलेल्या गाड्या म्हणजे डोंगरावरून सोपा निशाणा. मी बसवराजकडं पाहिलं. तो चिन्नीपासून चार पावलांवर होता. त्यानं डबक्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"उस्ताद," तो म्हणाला, "माझ्याकडं बघायलीय."

मी सांगितलं, "पक्का इंडिकेशन. ओव्हर."

"रॉजर. सबको पीछे लो. आउट."

मी पार्टीला मागं घेतलं. बसवराज शेवटी. नियम तसाच आहे, हँडलर कुत्र्याला उठवून मग निघतो. त्यानं "साकु, बा" म्हटलेलं मी ऐकलं. चिन्नी उठली. त्यानं तिच्या पट्ट्याची लीश सोडली आणि तिला माझ्याकडं पिटाळलं. ती सुटी जास्त वेगानं येईल हे त्याला माहीत होतं. ती माझ्यापाशी पोचली तेव्हा तो मोरीपासून थोडाच इकडं आला होता. बारूद सापडला हे डोंगरावरच्या कुणीतरी पाहिलं असणार. त्यानं तिथूनच उडवला.

हेलिकॉप्टर यायच्या आधी बसवराज गेला. कॉन्व्हॉयमधल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. गाड्या दुपारी वर पोचल्या.

चिन्नी पुन्हा भिंतीकडं बघायला लागली. नवा हँडलर येईपर्यंत लीश माझ्याकडं होती. मीही साकु म्हणायचो. शब्द तोच, पण ती यायला बराच वेळ लावायची. पुढं ती सावरली, नव्या हँडलरबरोबर आणखी पाच वर्षं तिनं काम केलं. ती रिटायर झाली तेव्हा मी पेन्शनवर आलो होतो. अर्ज करून मी तिला सोलापूरला आणली. आता तिचं तोंड पांढरं झालंय आणि मागचे पाय धरतात. घरी मी खिडक्यांना जाड पडदे लावलेत. कॉलनीतले विचारतात, दिवसाढवळ्या अंधार कशाला.

गेल्या माघात तिला पहिल्यांदा दुधनीला घेऊन गेलो. बसवराजच्या घरी मी दरवर्षी तो गेला त्या दिवशी जातो, पण एवढ्या प्रवासाला तिला कधी नेलं नव्हतं. अव्वा अंगणात स्टीलच्या परातीत तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना फारसं ऐकू येत नाही. मी शेजारी बसलो. घराच्या भिंतीवर बसवराजचा युनिफॉर्ममधला फोटो, हार घातलेला.

अव्वांनी परात हलवली आणि फोटोच्या खाली कवडसा आला.

चिन्नी उठली. ताठ झाली. एक पाय उचलला. आमच्या कुणाकडं तिचं लक्ष नव्हतं. मी हाक मारणार, तेवढ्यात अव्वांनी कुत्री उठलेली पाहिली. दारातल्या कुठल्याही लेकराला म्हणावं तशा, हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "साकु. बा."

चिन्नीनं पाय खाली ठेवला. मान वळवली. अव्वांकडं गेली आणि त्यांच्यासमोर बसली. भुंकली नाही. त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

अव्वांनी परात बाजूला ठेवली. मला विचारलं, "ही अशी का बघायलीय रे? काय पायजे हिला?"

मी म्हटलं, "बॉल, अव्वा. सापडलं की द्यायचा असतो."

तो माझ्या खिशात असतो अजून. मी काढून त्यांच्या हातात दिला.