कुलपातली कुंभारीण

मूठभर सरकी उचलायची, नाकाशी न्यायची, डोळे बारीक करून आपल्याकडे पाहायचं आणि हळूच म्हणायचं, "इथं कोनी तरी येऊन गेलं." जऊळक्याच्या स्टेशनामागे जिनवाल्या मालकांचं सरकीचं गोदाम होतं. तिथले हे राखणदार, आणि मी तोलाईला. सकाळचा हा पंचनामा झाल्याशिवाय माझा काटा हलत नसे.

शेजाऱ्याच्या शिंकेतही डाव दिसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या राखणदारांचा संशय माणसांवर थांबत नव्हता. त्यांचा खरा डोळा किड्यांवर.

उंटअळी पाठीची कमान करत कपाशीच्या पानावरून निघाली की ते उकिडवे बसून पाहत. "वावर मोजून राह्यली. कोनी धाडली इले?" काड्यांचं बिऱ्हाड अंगावर घेऊन बाभळीला लोंबणारा किडा दिसला, की म्हणत, "घर घेऊन फिरते, म्हन्जे काईतरी करून पळाला असन." सरकीवरचे ते लाल किडे एकमेकांना पाठ जोडून चालतात, एक ओढतो आणि दुसरा उलटा फरफटत जातो. त्यांना ते चोर-पोलीस म्हणायचे. मी एकदा विचारलं, "यातला चोर कोणता?"

"थेच तं समजून नाई राह्यलं, बाबू. म्हनून दोघायलेबी मारतो."

गोदामाची किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली असे, आंघोळीलाही सुटत नसे. मालकांनी एकदा दुसरी किल्ली करून मागितली, तर मालकांनाही यांनी वाटेला लावलं.

त्यांचं सूत जमे ते फक्त गावच्या लोहाराशी. दोघं लहानपणापासूनचे. मालकांच्या बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, चाकांना लोखंडी धावा चढवायचं काम लोहाराकडे होतं, त्यावर त्याचं घर चाले. संध्याकाळी तो गोदामावर येई आणि एका चिलमीत दोघं बसत. बोलणं फारसं नसेच.

पोळ्याच्या दिवशी मालकांच्या बैलांसाठी सरकी काढायची होती. पावसाळ्यात तोलाई बंद, त्यामुळे गोदाम बरेच दिवस उघडलेलं नव्हतं. राखणदारांनी किल्ली लावली तर ती आत जाईना. कुलपाचं भोक मातीनं लिंपलेलं होतं, तेही बोट फिरवल्यासारखं गुळगुळीत.

त्यांचा चेहरा उतरला. "छाप घेतला," ते म्हणाले. "ओल्या मातीत छाप घेतला कोनी तरी, चाबी बनवाले."

गावात किल्ली करणारा एकच. त्यांनी नाव घेतलं नाही, मालकांनी घेतलं. धावांचं काम आता वाशिमला देऊ, असंही मालक बोलून गेले. राखणदार मान खाली घालून उभे राहिले. मला त्यांचा संताप आला. तो चोर नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

कुलूप उघडायलाही शेवटी लोहारालाच बोलवावं लागलं. काय आळ आलाय ते बोलावणाऱ्यानं वाटेतच सांगितलं होतं. तो कोणाकडे न पाहता तारेनं माती कोरू लागला. माती फुटली आणि त्याच्या तळहातावर हिरव्या अळ्या पडल्या. जिवंत होत्या, पण त्यांना चालता येत नव्हतं. तेवढ्यात बारीक कमरेची एक माशी तोंडात चिखलाची गोळी घेऊन आली आणि कुलपाभोवती गुणगुणू लागली.

अंगण झाडणारी बाई खदखदून हसली. "अवो, हे तं कुंभारीन! पिलायच्या खाण्यासाठी अळ्यायले डंख मारून भरून ठेवते. माह्या चुलीमागंबी घर केलं तिनं."

सगळे हसले. लोहार हसला नाही. त्यानं त्या अळ्या राखणदारांच्या हातावर ठेवल्या. "घे. हा माल माहा नाई," म्हणाला आणि निघून गेला.

मालकांनी धावांचं काम त्याच्याकडेच ठेवलं. पण संध्याकाळी तो येईनासा झाला. राखणदार चिलीम भरून बसत आणि न ओढताच झाडून टाकत. किड्यांकडे पाहणंही त्यांनी सोडलं. माझा राग कधी गेला, कळलंच नाही.

एक दिवस मला म्हणाले, "चाल बाबू, माह्यासंग." गेलो तर लोहाराच्या भात्यापाशी. त्यांनी करदोड्याची किल्ली सोडली आणि ऐरणीवर ठेवली.

"अशीच एक बनव."

"कोनासाठी?"

"तुह्याजवळ ठेव."

लोहारानं भाता ओढला. "अन् मी चोरी केली तं?"

"तं मले सांगून कर."

लोहाराला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गोदामावर आला.

त्या हिवाळ्यात राखणदार तापानं गेले. सरणावर ठेवण्याआधी करदोडा तोडताना किल्ली कुठं पडली कोणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी मालक बंद दारापुढे चिडून उभे होते. लोहार आला, कंबरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

"तुह्याजवळ चाबी कशी?" मालकांनी दरडावून विचारलं.

"त्यानं देल्ली."

"त्यानं?" मालक माझ्याकडे वळले. माझ्यासमोर दिली, असं मी सांगितलं, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही बसला नसता. मालकांनी किल्लीसाठी हात पुढे केला. लोहार ती मुठीत आवळून रडत होता आणि काही केल्या देईना.