शेवटच्या स्क्रूवरचा लाल ठिपका

थांबाताईचं खरं नाव गल्लीत दोघा-तिघांनाच ठाऊक असेल. मोबाइल दुरुस्तीच्या तिच्या दुकानात कुणीही काहीही घेऊन आलं, की ती एकच वाक्य म्हणायची, "थांबा, आधी उघडून बघू." स्क्रीनचा चुरा झालेला समोर दिसत असला तरी ही बाई मागचं झाकण काढणारच. गिऱ्हाईक घाईत असो, वैतागलेलं असो, हिला सोयरसुतक नाही. बारा वर्षं हेच चाललं होतं. त्यातून आधी नाव पडलं आणि मग मान मिळाला. थांबाताईनं "घ्या" म्हटलं की लोक घ्यायचे, "नको" म्हटलं की घेतलेलं परत करून यायचे. एक टेबल, एक दिवा आणि एक काचेचं कपाट एवढ्या दुकानात तिची खरी कमाई म्हणजे हा शब्दच.

सवय लावली होती मास्तरांनी. ती वीस वर्षांची असताना काम शिकायचं म्हणून चार दुकानं फिरली, चारही ठिकाणी हसले. पाचव्या दुकानात मास्तरांनी काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं. पहिले सहा महिने नुसते स्क्रू काढायचे आणि लावायचे. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा फोन बंद करतानाचा. खालच्या डाव्या कोपऱ्यातला स्क्रू सगळ्यात शेवटी लावायचा आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, अर्धा स्क्रूवर, अर्धा शेजारच्या पत्र्यावर. मागाहून कुणी स्क्रू फिरवला की ठिपका तुटतो. आपल्यानंतर कुणाचा हात लागला का, ते एका नजरेत कळतं. नेलपॉलिशची बाटली मास्तरीणबाईंची होती, गडद, जराशी तपकिरीकडे झुकणारी. पुढे स्वतःचं दुकान टाकल्यावरही थांबाताई हट्टानं तोच रंग शोधून आणायची.

मास्तरांचे हात थरथरायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं. आणि गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ते दोन पिशव्या घेऊन थांबाताईकडे आले. पिशव्यांत नवे फोन होते. त्यांच्या मेहुण्यानं परदेशातून थेट मागवलेले. कंपनीचं नाव असं, की दोन माणसांनी वाचलं तर दोन नावं व्हावीत. मागे तीन कॅमेरे, ही भलीमोठी बॅटरी, आणि किंमत नामांकित फोनच्या निम्म्याहून कमी.

थांबाताई काही दुधखुळी नव्हती. तिनं एकेक गोष्ट विचारली. बिघडला तर सुटे भाग कुठून आणायचे? सर्व्हिस सेंटर कुठं आहे? इथल्या सगळ्या कंपन्यांचं नेटवर्क पकडतो का? दोन वर्षांनी नवं सॉफ्टवेअर कोण देणार? मास्तर प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होते, शिष्या चांगली निघाल्याचं कौतुक असावं तसे.

"थांबा, आधी एक उघडून बघू," ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

मास्तरांनी तिच्या हातावर हात ठेवला. "याला नको उघडूस. आतलं सील तुटलं की वॉरंटी गेली. मी सांगतो ना."

मी सांगतो ना. एवढंच. दुसरं कुणी असतं तर तिनं पिशव्यांसकट बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण ज्या माणसानं स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवला त्याच्यासमोर तोच कसा रोखायचा? तिनं तो खाली ठेवला. मास्तरांनी पिशवीतला एक फोन नमुना म्हणून काचेच्या कपाटात लावला आणि चहा पिऊन गेले.

तीन महिन्यांत गल्लीतल्या सात जणांनी ते फोन घेतले. कुणीही फोनकडे बघून घेतला नाही, थांबाताईच्या तोंडाकडे बघून घेतला. पहिली होती समोरची इस्त्रीवाली वहिनी. दुकान टाकलं त्या पहिल्या दिवसापासून दोघींचा दुपारचा चहा एकत्र. "तू म्हणतेस ना, मग झालं," म्हणून वहिनीनं आपला जुना फोन खणात टाकला आणि नवा घेतला.

हळूहळू तक्रारी यायला लागल्या. एकाला घराबाहेर पडलं की नेटवर्क मिळेना. एकीचे फोटो नुसते चौकोन दिसायचे, उघडायचे नाहीत. थांबाताई त्यांना सांगत राहिली, नवीन आहे, बसेल हळूहळू. स्वतःलाही तेच सांगत राहिली. तरी तिनं एकही उघडला नाही.

मग चौथ्या महिन्यात वहिनीचा फोन पेटला. टेबलावर इस्त्री केलेल्या कपड्यांच्या चळतीशेजारी तो चार्जिंगला होता. पाठ फुगली, धूर निघाला, आणि गिऱ्हाइकांचे कपडे वाचवायला म्हणून वहिनीनं तो उजव्या हातानं उचलून रस्त्यावर फेकला. तळहाताची कातडी सोलून निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने या हातात इस्त्री धरायची नाही. इस्त्रीवालीला हे सांगणं म्हणजे घरी बस म्हणण्यासारखंच.

दवाखान्यातून परत येताना वहिनी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तू उघडून बघितला होतास ना गं?"

 थांबाताई तशीच दुकानात गेली आणि आतून दार लावून घेतलं.

जळालेल्या फोनचा नुसता गोळा झाला होता. म्हणून तिनं कपाटातला नमुना काढला आणि झाकण उचकटलं. तीन कॅमेऱ्यांपैकी दोन म्हणजे नुसत्या काचा, खाली काळा कागद. वजन भरावं म्हणून लोखंडी पट्टी चिकटवलेली. बॅटरीवरचं लेबल एका कोपऱ्यात आधीच उचललेलं आणि परत दाबून बसवलेलं. ते सोलल्यावर खाली दुसरं, जुनं, निम्म्या ताकदीचं. वॉरंटीचं सील कुठंच नव्हतं.

आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर लाल ठिपका.

कारखान्यात लावत असतील, असं तिनं मनाला समजावून पाहिलं. मग दिवा जवळ ओढला. ठिपका अर्धा स्क्रूवर होता, अर्धा पत्र्यावर. रंग तोच, तपकिरीकडे झुकणारा. कडेला किंचित फरफटलेला, थरथरत्या हाताचा. चार महिने तो तिच्यापासून हातभर अंतरावर, काचेच्या कपाटात पडून होता. शत्रूनं फसवलं तर माणूस चारचौघांत शिव्या तरी देतो. इथं केसानं गळा कापला होता आणि केस आपल्याच घरचा होता.

मास्तर घरी खुर्चीत बसले होते. शेजारी त्यांचा स्वतःचा फोन होता, नामांकित कंपनीचा, नऊ वर्षांपूर्वीचा. थांबाताईनं उघडा नमुना त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी ठिपक्याकडे बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"तुम्ही आत बघितलं होतंत," ती म्हणाली.

"बघितलं होतं."

"मग मला का नाही बघू दिलंत?"

"तू बघितलं असतंस तर विकले नसतेस." मास्तर खरंच समजावणीच्या सुरात बोलत होते. "मेहुण्याचा माल अडकला होता. माझ्या शब्दाला आता कोण विचारतं, पोरी? तुझ्या शब्दाला विचारतात."

तिला वाटलं होतं, ते नाही म्हणतील. निदान एकदा तरी खोटं बोलतील. इतकी वर्षं तिनं हा शब्द जपला, ते बहुतेक यांच्यासाठीच होतं, एक दिवस येऊन वापरून टाकण्यासाठी. ती रडली नाही. नमुना उचलला, आणि दारात चपला घालताना इतकंच म्हणाली, "ठिपका लावायला नको होता, मास्तर. मी आयुष्यभर तुमच्या शब्दावर राहिले असते."

त्यानंतरच्या दोन दिवसांत ती सातही घरी गेली. सगळीकडे एकच सांगितलं, मी न उघडता विकला, फोन बंद करा, मी परत घेते. कुणी चिडलं, कुणी पाणी विचारलं, एकानं तोंडावर दार लावलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली. हाताला पट्टी, डाव्या हातात खणातला जुना फोन. तो चालू होत नव्हता. थांबाताईनं तो घेतला, पाठ वळवून टेबलाशी बसली, सवयीनं स्क्रूड्रायव्हर उचलला.

"थांब," वहिनी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "माझ्यासमोर उघड."

बारा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. थांबाताई उठली, स्टूल फिरवून वहिनीच्या समोर घेतलं, दिवा दोघींच्या मध्ये ठेवला, आणि पहिला स्क्रू काढून तिच्या डाव्या हातात दिला.