सात नंबरची मोडकी डाय

मांजर्लीच्या नाक्यावर संध्याकाळी निवृत्तांची जी बैठक भरते, तिथे माझ्या थकलेल्या पगाराची गोष्ट अजूनही सांगितली जाते, आणि दर वेळी चुकीची सांगितली जाते. माझा मेहुणा सांगतो की मी मालकाचे पाय धरले. प्रेसवर काम करणारा माझा जुना सहकारी सांगतो की त्याने माझ्या बाजूने साक्ष दिली. तिसरा एक गृहस्थ, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही, तो सांगतो की मालक सिंधी होता आणि सगळे त्यामुळेच घडले. ही तिन्ही विधाने खोटी आहेत. मी हयात आहे, माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, आणि पगार माझा थकला होता. तेव्हा माझे ऐकावे.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत, कमरेच्या पट्ट्यांची बकले बनवणारा एक लहान कारखाना होता. प्रेस यंत्रात बसवून पत्र्यातून बकलाचा आकार कापून काढणारा पोलादी साचा म्हणजे डाय, आणि त्या डाय घडवणारा मिस्त्री मी. एकवीस वर्षे मी तिथे कानस चालवली. मालक माझ्याच जिल्ह्यातला, अस्सल मराठी. पहिल्या भेटीत 'आपल्याकडचा माणूस' म्हणून त्याने मला कामावर घेतले, आणि त्याच आपलेपणापोटी नेमणुकीचा कागद कधी दिला नाही.

त्याचा एक नियम मात्र पोलादाहून कठीण होता. डाय पुरी झाली की मिस्त्रीने तिच्या बुडाला आपला क्रमांक, महिना आणि वर्ष आकड्यांच्या पंचाने ठोकायचे. माझा क्रमांक सात. यात कारागिराचे कौतुक होते असे कुणी समजू नये. डाय मोडली तर पगार कुणाचा कापायचा हे चटकन कळावे, एवढाच त्यामागचा हेतू.

एका सोमवारी सकाळी मी पोहोचलो, तर माझ्या कानशी, हातोडी आणि बारीक मापे घेण्याचे व्हर्नियर गोणीत भरून दाराबाहेर ठेवलेले. व्हर्नियर गोणीत! ज्याला मी मऊ फडक्याशिवाय हात लावत नसे!

"मिस्त्री, आता डाय अंबरनाथहून येणार," मालक दारातूनच म्हणाला. "कंप्युटरवर कापलेल्या. उद्यापासून तुम्ही यायचं कारण नाही."

"आणि मागचे तीन पगार?"

"कसले पगार? तुम्ही काय नोकरीला होता? अधूनमधून यायचात, काम करून जायचात."

हे बोलण्याचे धाडस त्याला कुठून आले, ते मला ठाऊक आहे. आदल्या पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या तळमजल्यात शिरली, तेव्हा ट्रंकेतल्या माझ्या सगळ्या पगारपावत्यांचा लगदा झाला होता. ही हकीकत मीच त्याला सांगितली होती, आणि त्याने हळहळून मला चहा पाजला होता.

चार दिवसांनी मेहुणा निरोप घेऊन आला. "भाऊजी, शेठ निम्मे द्यायला तयार आहे. मदत म्हणून. जाऊन दोन शब्द गोड बोला, झालं."

"मदत? मी काय पूरग्रस्त आहे?"

"आहातच की! गेल्या वर्षीच होतात."

मी त्याला पोहे खाऊ घातले आणि वाटेला लावले. पाय धरणे वगैरे जे तो सांगतो, ते त्याने स्वतः धरले असतील. मी मात्र कल्याणच्या कामगार कार्यालयात जाऊन अर्ज दिला. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी तो नीट वाचला आणि विचारले, "काका, तुम्ही तिथे नोकरीला होता याला पुरावा काय?" मी माझे दोन्ही तळहात पुढे केले. त्या हसल्या नाहीत. आठ दिवसांनंतरची तारीख त्यांनी दोघांनाही दिली.

दिवाळी तोंडावर होती. पत्नी सोऱ्याने चकल्या पाडत होती आणि मी समोर बसून मालकाला शिव्या घालत होतो. तिने सोऱ्यातली पितळी चकती काढून माझ्यासमोर धरली. ती चकती मीच तिला घडवून दिली होती आणि हाताच्या सवयीने तिच्यावरही सात ठोकला होता.

"अहो, माझ्या चकलीवरसुद्धा तुमचा नंबर आहे. शेठच्या डाय कोऱ्या असतील का?"

मी ताडकन उठलो! मालक मला कारखान्यात पाऊल टाकू देणार नव्हता, हे खरे. पण आमच्या धंद्यात डाय त्याची असते, ज्याने तिचे पैसे मोजले. बकले घाऊक घेणाऱ्या एका सिंधी व्यापाऱ्याच्या डाय त्याच्याच गोदामात असत. दुसऱ्या सकाळी मी त्याच्या दुकानासमोर उभा होतो, तेव्हा शटर अर्धेही उघडले नव्हते.

"ले जाओ, साईं," तो म्हणाला. "तुमने बनाया, तुम नहीं ले जाओगे तो कौन? पर लौटाना, मेरा धंधा इसी पे है।" कोपऱ्यातली तिसरी डाय त्याने पायाने दाखवली. "ये टूटी हुई भी?"

"नाही," मी म्हणालो, आणि दोन उत्तम डाय स्कूटरवर पायांपाशी ठेवून घरी आणल्या.

"मोडकी का नाही आणली?" पत्नीने विचारले.

"माझं मोडकं काम मी चारचौघांत दाखवू?"

"चांगलं काम कुणीही केलं असेल, असं म्हणेल शेठ. मोडलेलं मात्र तुमच्याशिवाय कुणाच्या गळ्यात बांधणार? इतकी वर्षं मी तेच ऐकत आलेय."

आमचे जेवण होईपर्यंत भांडण चालले. ती डाय माझ्या आयुष्यातला एकमेव डाग होता, आणि तोही अन्यायाने लागलेला. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे गेलो.

तारखेला मी दोन चांगल्या डाय टेबलावर मांडल्या. टेबल करकरले. मालकाने आमच्या प्रेसवाल्याला साक्षीला आणले होते. होय, मालकाच्या बाजूने! तो सारा वेळ छताचा पंखा पाहत होता. मालकाने दोन्ही डाय उलटून पाहिल्या आणि हसून म्हणाला, "मॅडम, सात नंबर ठोकणारे बाजारात शंभर मिस्त्री मिळतील."

मी तिसरी डाय ठेवली. तिच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर होती.

मालकाचा चेहरा लाल झाला. "ही! मॅडम, ही ह्याच माणसानं मोडली! माझी सबंध ऑर्डर बुडाली. दोन महिने ह्याच्या पगारातून कापत होतो मी!"

 बाईंनी पेन उचलले.

"पगारातून?" त्यांनी विचारले आणि डाय उलटी करून बुडावरचा महिना अन् वर्ष वाचले. ती नऊ वर्षांपूर्वीची होती.

 बाई माझ्याकडे वळल्या. "काका, ही डाय तुमचीच? तुमच्याच हातून मोडली?"

नुसते 'हो' म्हटले की काम होत होते. पण खोटे 'हो' मला म्हणवेना.

"डाय माझी. सात माझा. कापलेला पगारही माझाच. मोडली मात्र ती प्रेसवर तिरकी बसवल्यामुळे!"

प्रेसवाल्याने पंख्यावरची नजर काढून जमिनीवर नेली. त्याची साक्ष ती एवढीच.

तीन पगार आणि नोटिशीच्या महिन्याचा चौथा, असे सगळे चेकने मिळाले. बाहेर मालक म्हणाला, "मिस्त्री, घरातल्या घरात मिटलं असतं. आपण आपली माणसं."

"आपल्या माणसाचं व्हर्नियर गोणीत भरत नाहीत," मी म्हणालो.

व्यापाऱ्याला दोन डाय परत केल्या. मोडकी त्याने मलाच दिली. ती आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकू म्हणून असते.

गेल्या महिन्यात नाक्यावर प्रेसवाला पुन्हा साक्षीची बढाई मारू लागला, तेव्हा मी सर्वांसमक्ष विचारले, "डाय तिरकी कुणी बसवली होती?" हा प्रश्न मी त्याला गेली सहा वर्षे विचारत आहे. या खेपेला तो डोके खाजवून म्हणाला, "होती खरी, जराशी."

मी त्याला दंडाला धरून घरी आणले! आज माझ्यावरचा डाग पुसला जाणार होता. पत्नी चकल्या पाडत होती. त्याने तिच्यापुढे सगळे कबूल केले.

तिने सोऱ्या फिरवता फिरवता वर पाहिले. "बरं केलंत, भावोजी. सरळ बसवली असतीत, तर ह्यांचा पगार कसा मिळाला असता?"

प्रेसवाला खदाखदा हसला.  तोवर तिने आम्हा दोघांपुढे गरम चकल्यांची ताटली ठेवली होती.